पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइट घ्या आणि घरीच धुवा

फिल्मवर फोटो काढायला सुरुवात करायची म्हणून विचारणारी पोरं आता बेळगावात, निपाणीत, खानापुरात बरीच भेटायला लागलीत. बहुतेकांच्या हातात काकांच्या नाहीतर मामांच्या कपाटातनं निघालेला कॅमेरा असतो आणि प्रश्न ठरलेला, रोल कुठला घालू आणि धुवायला कुठं देऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइट घ्या आणि कुणाला देऊ नका, घरीच धुवा. कलर नंतर.

कलर निगेटिव्हची प्रोसेस, म्हणजे सी-४१, ३८ डिग्रीवर चालते, डेव्हलपर सव्वातीन मिनिटं, आणि तापमान थोडं हललं तरी रंग सरकतात. घरी जमत नाही असं नाही, पण पहिल्याच रोलला ती कसरत कशाला. आणि गावोगावच्या कलर लॅबमधल्या फिल्म धुवायच्या मशिनी बहुतेक कधीच बंद पडल्यात, त्यामुळं रोल कुरिअरनं पुण्या-मुंबईला नाहीतर बेंगळूरला जातो आणि काही दिवसांनी मोबाईलवर स्कॅनची लिंक येते. फोटो तुम्ही काढला खरा, पण मधलं सगळं दुसऱ्यानं केलं. माणसं आजही फिल्मकडं वळतात, इतकी की पेंटॅक्सनं २०२४ साली पेंटॅक्स १७ नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, ते नुसत्या लूकसाठी असतं तर मोबाईलमधला फिल्टर पुरला असता. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो, उजेड पडला की त्यात डोळ्याला न दिसणारा बदल होतो, डेव्हलपर तेवढ्याच भागाची चांदी करतो आणि उरलेलं फिक्सर विरघळवून टाकतो. हे सगळं आपल्या न्हाणीत, आपल्या हातानं होतं. एकदा अनुभवलं की माणूस सोडत नाही बघा.

आधी कॅमेरा. घरात यशिका एमएफ-२ किंवा हॉट शॉट सापडला तर छानच, पण त्यात शटर (फिल्मवर उजेड किती वेळ पडतो) आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक केवढं उघडतं) तुमच्या हातात नसतं, म्हणून शिकायला मॅन्युअल एसएलआर बरा. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ एवढा काळ तो बनत होता म्हणून आजही मिळतो) किंवा निकॉन एफएम१०. दोन्हीत बॅटरी फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला, लागते, बॅटरी संपली तरी शटर चालतं. सेकंडहँड घेताना मागचं झाकण उघडा, उजेडाकडं धरा आणि एका सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे स्पीड दाबून बघा, एक सेकंद खरंच एक सेकंद वाटतो का ते कानानं ऐका. मग लेन्स. अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. जांबोटी, कणकुंबी, खानापूर पट्ट्यातल्या पावसात चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. थोडी कडेला असेल तर फोटोवर फरक पडत नाही, मधोमध पसरली असेल तर सोडून द्या. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर घाबरू नका, जुन्या कॅमेऱ्यात तो गळतोच, नवीन पट्ट्या कापून लावता येतात, पण लावल्याशिवाय रोल घालू नका, नाहीतर उजेड आत शिरतो.

रोल आयएसओ ४०० चा घ्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन धरते त्याचा आकडा). इलफर्ड एचपी५ प्लस किंवा त्याच कंपनीचा थोडा स्वस्त केंटमियर ४००. ३५ एमएमची ही डबी कोडॅकनं १९३४ साली आणली आणि आजही तीच चालते, त्यामुळं या डबीचा कॅमेरा कितीही जुना असू दे, रोल बसतो. घालताना टोक स्पूलमध्ये अडकवा, दोन्हीकडच्या दात्यात फिल्मची भोकं बसलीत बघा, झाकण लावा, दोनदा शटर मारून पुढं ओढा आणि त्यावेळी डावीकडची रिवाइंडची नॉब उलटी फिरतेय का ते बघा. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर झाकण उघडून परत घाला, आत्ता वाया गेली तर दोन इंच फिल्म जाते, नंतर कळलं तर सगळा रोल कोराच निघतो.

आता उजेड. मीटर आहे म्हणून त्याच्यावरच राहू नका. नियम जुना आहे, लख्ख उन्हात अॅपर्चर एफ/१६ (आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि शटर आयएसओच्या जवळचं, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. ढगाळ असेल तर एफ/८. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुपारी एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असते, त्या सावलीतला माणूस टिपायचा तर एफ/४. निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही, म्हणून शंका आली की एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. सावलीत जे दिसायला पाहिजे त्याच्यावर मोजमाप करा. पांढरं धोतर-टोपी घातलेले आजोबा काळ्या दगडाच्या भिंतीला टेकून बसलेत आणि मीटर भिंत बघून उघडतंय, अशा वेळी तर मीटर सोडून आपल्या हातावर उजेड बघून आकडा लावा, हात त्यांच्याच उजेडात धरायचा आणि मीटर जे सांगेल त्याच्यापेक्षा एक स्टॉप उघडायचं, कारण मीटर सगळं करड्या रंगाचं समजतं आणि तळहात त्यापेक्षा उजळ असतो.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगाचं काय होतं हे आपल्या जिल्ह्यात जेवढं नीट शिकता येतं तेवढं क्वचितच कुठं शिकता येईल. पश्चिमेला खानापूरकडं तांबडी माती, तांबडी कौलं, भोवती गर्द हिरवं. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडं काळी रानं. साध्या डोळ्याला तांबडी माती आणि हिरवं भात एकदम वेगळं दिसतंय, पण फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाचे येतात आणि फोटो सपाट पडतो. तिथं लेन्सला नारंगी फिल्टर लावा, माती उजळते, हिरवं गडद होतं, आकाशही गडद होतं आणि ढग उठून दिसतात. राजहंसगडावर श्रावणात जाऊन हा प्रयोग कराच, एकाच जागेवरनं एक फ्रेम फिल्टरशिवाय आणि एक फिल्टर लावून. पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप उजेड खातो, नारंगी दीड-दोन, पण मीटर लेन्समधनं बघणारं असेल तर ते आपोआप धरलं जातं.

गोकाकच्या धबधब्याला पावसात सगळेच जातात, घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते तेव्हा पाणी गढूळ तांबूस असतं आणि ढगाळ दिवशी फिल्मवर पाणी आणि खडक वेगळे होतच नाहीत. ऊन तिरकं पडेपर्यंत थांबा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत उलटा त्रास, हे जैन मंदिर १२०४ सालचं, आत काळ्या गुळगुळीत खांबांवर बाहेरचा उजेड घसरत येतो आणि छतातलं दगडी कमळ अंधारात असतं. तिथं १/३० ला एफ/२, श्वास रोखून, कोपर छातीला लावून. हलशीच्या देवळांना सकाळचं ऊन बघा. देवळात, बस्तीत आतला फोटो काढायच्या आधी विचारायचं, हे सांगायला नको. रात्री शिवजयंतीच्या चित्ररथांचे काढायचे असतील तर आयएसओ १६०० वर ठेवून अख्खा रोल तसाच संपवा आणि धुताना वेळ वाढवा, पण हे दुसऱ्या-तिसऱ्या रोलला.

माणसांचे फोटो काढताना एक गोष्ट होणारच. फोटो झाला की आज्जी म्हणणार, "दाखव की बघू." कॅमेऱ्याच्या मागं स्क्रीन नाही म्हटलं की, "मग आलाय का न्हाई कसं कळतंय रे तुला?" तिथं हसून सोडू नका. "धुवून कॉपी आणून देतो आज्जी" म्हणा आणि खरंच नेऊन द्या. गावात ज्यानं कॉपी आणून दिली त्याला पुढच्या वेळी अंगणात बसवून चहा मिळतो आणि सगळ्या घराचे फोटो काढायला मिळतात. रोलमध्ये ३६च फ्रेम आहेत म्हणून एकाच माणसाचे सहा-सात काढायची सवय मोडते, आधी बोलणं होतं, मग उजेड बघणं होतं, मग एक किंवा दोन. त्या वेळेत समोरच्याचा अवघडलेपणा जातो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि फिल्म सोडवत नाही त्याचं माझ्यासाठी हे मोठं कारण आहे.

आता धुणं. लागतं ते एवढं: उजेड आत न जाणारा टँक आणि फिल्म गुंडाळायचं त्यातलं रीळ, चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात काम करायची काळी पिशवी), थर्मामीटर, डेव्हलपर, फिक्सर, कात्री, दोन-तीन बाटल्या, मोजायचं भांडं आणि कपड्याचे चिमटे. भांडं परत स्वयंपाकात वापरायचं नाही. डार्करूम लागत नाही. डेव्हलपर कोडॅकचा डी-७६ घ्या, १९२७ पासून चालत आलाय आणि पहिल्या रोलला सांभाळून घेणारा आहे. पावडर कोमट नव्हे, चांगल्या ५०-५५ डिग्रीच्या पाण्यात विरघळवा आणि एक दिवस आधी करून ठेवा म्हणजे थंड होतो.

सगळ्यात अवघड काम फिल्म रिळावर चढवायचं, कारण ते अंधारात, न बघता करावं लागतं. एक जुना फुकट गेलेला रोल मिळवा, आधी उजेडात बघत चढवा, मग डोळे मिटून, मग चेंजिंग बॅगमध्ये. हात बसेपर्यंत खरा रोल काढू नका. बॅगमध्ये डबीचं झाकण उघडलं की फिल्मचं टोक कात्रीनं सरळ कापायचं, दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे, बोटानं रिळाच्या तोंडाची दोन टोकं शोधायची, फिल्म आत सरकवायची आणि मग दोन्ही बाजू आळीपाळीनं पुढं-मागं फिरवायच्या, आतले बारीक छर्रे टिकटिक करत फिल्म ओढत जातात. अडली तर ओढू नका, थोडी मागं घ्या. जून-जुलैत बॅगमध्ये हाताला घाम येतो आणि ओलसर रिळावर फिल्म चिकटते, म्हणून रीळ आदल्या दिवशीच कडकडीत वाळवून ठेवा आणि पावसाळ्यात हे काम रात्री उशिरा किंवा पंख्याखाली करा. फिल्म टँकमध्ये गेली, झाकण बसलं, की पुढचं सगळं उजेडात.

एका रोलला ३०० मिली लागतं. १५० मिली डी-७६ आणि १५० मिली पाणी, एचपी५ ला २० डिग्रीवर ११ मिनिटं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी टाकीचं पाणी आपोआप २० च्या आसपास असतं, बेळगावच्या थंडीचा हा फायदा. एप्रिलमध्ये पाणी पार गरम येतं, तेव्हा बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बाटली ठेवून खाली आणा आणि २० ला आलं नाही तर २४ वर साडेसात मिनिटांच्या आसपास धरा. ओतल्यावर टँक खाली हळूच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात, पहिले दहा सेकंद चारदा उलटसुलट करा, मग दर मिनिटाला तसंच. वेळ झाली की डेव्हलपर फेकून द्या, तो एकदाच वापरायचा. अर्धा मिनिट साधं पाणी, मग फिक्सर पाच मिनिटं. फिक्सर फेकायचा नाही, बाटलीत परत ठेवा, त्यात पुढं बरेच रोल होतात, फक्त दर वेळी रोलचं कापलेलं टोक त्यात टाकून किती वेळात पारदर्शक होतंय ते बघा, पहिल्या वेळेच्या दुप्पट लागायला लागला की फिक्सर संपला. तेव्हाही विहिरीच्या किंवा झाडाच्या कडेला ओतू नका.

शेवटी पाण्यानं धुवायला तासभर नळ सोडायची गरज नाही, राकसकोप जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात किती दिवसांनी येतं ते आपल्याला माहीत आहे. टँक भरा, पाचदा उलटा, ओता. परत भरा, दहादा. परत भरा, वीसदा. झालं. शेवटचं पाणी बोअरचं वापरू नका, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. मग रीळ उघडा आणि फिल्म बाहेर काढा. ओली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली की आकाश काळं, केस पांढरे, आज्जीच्या कपाळावरचं कुंकू उलट्या रंगाचं पण ओळखू येणारं. न्हाणीत धूळ कमी असते म्हणून तिथंच वर-खाली चिमटा लावून टांगा आणि वाळेपर्यंत पंखा लावू नका, हात पण लावू नका.

वाळल्यावर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा, प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घाला, वर तारीख आणि गावाचं नाव लिहा, पाऊच स्टीलच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर जी बुरशी लेन्सला धरते तीच फिल्मच्या जिलेटिनलाही धरते. स्कॅनर नसेल तर टॅब्लेटवर पांढरी स्क्रीन लावा, निगेटिव्ह स्क्रीनपासून इंचभर वर उचलून धरा म्हणजे पिक्सेल दिसत नाहीत, वरनं डिजिटल कॅमेऱ्यानं किंवा मोबाईलनं सरळ फोटो घ्या आणि अॅपमध्ये उलटा करा. कॉपी काढायला ते पुरतं.

दुसरा रोल घेताना ब्रँड बदलू नका. तोच रोल, तोच डेव्हलपर, तीच मिनिटं, निदान चार-पाच रोल. प्रत्येक फ्रेमला वहीत एफ-नंबर, स्पीड आणि उजेड कसा होता ते लिहीत चला आणि निगेटिव्ह वाळली की वही शेजारी ठेवून बघा, सावल्या पारदर्शक कोऱ्या आल्यात तिथं उजेड कमी पडला, पुढच्या वेळी तिथं एक स्टॉप वाढवा.