ट्रेलर ओढायला फोर्डच्या एफ-150 पिकअप ट्रकचा गिअर रेशो 3.55 वरून 4.10 कसा करायचा

ट्रेलर लावून चढाला लागलं की गाडी सारखी गिअर खालीवर करत बसते, इंजिन ओरडतं आणि स्पीड काही धरत नाही, असं होत असेल तर लगेच नवीन ट्रक बघायला जाऊ नका, आधी एक्सलचा रेशो बघा. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, कॅम्पर (आत राहता येतं असा ट्रेलर) घेऊन आय-70 हायवेने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायचं म्हणजे 11,000 फुटांवर जायचं, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत पाव भागाहून जास्त गेलेली असते. तिथे 3.55 पुरत नाही.

3.55 म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलला ताकद देणाऱ्या लांब दांड्याचे) 3.55 फेरे, एक्सलमधल्या मोठ्या चक्राला म्हणजे क्राउनला 39 दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 11. तेच 4.10 मध्ये 41 आणि 10. इंजिन तेच राहतं पण चाकावर ओढ साधारण 15 टक्क्यांनी वाढते. बदल्यात आरपीएम वाढतात: 32 इंची टायर, 65 मैलांचा स्पीड आणि सहावा गिअर (रेशो 0.69) धरला तर 1,670 चे 1,930 होतात, मोकळ्या गाडीला पेट्रोल थोडं जास्त लागणार हे धरूनच चाला. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, दारावरच्या स्टिकरवरची वजनाची मर्यादा याने वाढत नाही, ब्रेक आणि चासी तेच आहेत.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचा एक्सलही त्याच रेशोचा करावा लागतो, खर्च जवळजवळ दुप्पट होतो. फक्त मागचा बदलून फोर बाय फोर लावलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारी पेटी) जाते, हे धोक्याचं आहे, करू नका.

सामान: क्राउन-पिनियनचा सेट (इकडे रिंग अँड पिनियन म्हणतात), बेअरिंग, सील, शिम (जागा भरायच्या पातळ चकत्या) आणि क्रश स्लीव्ह (आवळल्यावर दबणारी छोटी नळी) असलेला पूर्ण इन्स्टॉल किट, गिअर ऑइल, डायल गेज (बारीक हालचाल मोजायला), इंच-पाउंडचा टॉर्क रेंच आणि दातांना लावायचा पिवळा रंग. जुने बेअरिंग परत घालून पैसे वाचवू नका.

खोलणं सोपं आहे. गाडी स्टँडवर घ्या, कव्हर काढून ऑइल सोडा, मधली क्रॉस पिन काढा, एक्सल आत ढकलून त्याला अडवणारी सी-क्लिप काढा, एक्सल बाहेर. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. जुन्या पिनियनखालची शिम मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहा, सुरुवात तिथूनच करायची.

खरं काम पुढे आहे. पिनियनचा नट आवळताना क्रश स्लीव्ह दबते, म्हणून थोडं आवळा, हाताने फिरवून बघा, फिरवायला लागणारा जोर रेंचने मोजा, परत थोडं. जास्त आवळलं गेलं तर नट ढिला करून भागत नाही, नवीन स्लीव्हच टाकावी लागते, तेव्हा दोन जास्तीच्या आणून ठेवा. मग बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळी फट), सेटसोबतच्या कागदावर जो आकडा असेल तो, बहुतेक 0.006 ते 0.010 इंच.

आता रंग. क्राउनच्या तीन-चार दातांना पिवळा रंग पातळ लावा, क्राउन हाताने अडवून धरत पिनियन फिरवा, दोन्ही दिशांना. रंग पुसला जाऊन उमटलेला डाग दाताच्या उंचीच्या मधोमध पाहिजे. डाग टोकाकडे वर असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, जाड शिम घाला. खाली मुळाकडे असेल तर पिनियन फार आत गेलाय, पातळ घाला. आणि दरवेळी बेअरिंग ओढून काढायचं, शिम बदलायची, बॅकलॅश परत लावायचा, कंटाळा येतो पण इथे घाई केली की संपलं. माझं पहिल्यांदा एका गॅरेजने केलं होतं, 50 मैलांच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून सारखा हुंकार यायचा, उघडून रंग लावला तर डाग पार मुळाला चिकटलेला. परत केलं तेव्हा चौथ्या शिमला बसलं, संध्याकाळ गेली, पण आवाज गेला.

बंद करण्याआधी क्राउनच्या बोल्टला लाल लॉकटाइट लावून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. ऑइल भरा, एक्सल लिमिटेड स्लिपचा (एकच चाक घसरत फिरू न देणारा) असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे ऑइलमध्ये घालायचं औषध, विसरू नका. नंतर कॉम्प्युटरला नवीन रेशो सांगावा लागतो, फोर्डला फोरस्कॅन नावाच्या सॉफ्टवेअरने होतं, नाहीतर स्पीडोमीटर आणि गिअर बदलणं दोन्ही बिघडतं.

पहिल्या दिवशी 15-20 मैल आरामात चालवा आणि एक्सल पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. 500 मैल ट्रेलर लावायचा नाही, मग ऑइल बदला. त्या ऑइलमध्ये चंदेरी बारीक कीस दिसतो, घाबरू नका, पण नखात धरता येईल असा तुकडा निघाला तर गाडी तिथेच उभी करून परत उघडा.