मुंबईत बसून टुंड्रातलं मॉस समजून घ्यायचंय? असं करा

शाळेतून 'ध्रुवीय प्रदेश' असा प्रोजेक्ट आला की ठरलेलंच असतं, कापसाचा बर्फ, थर्माकोलचा इग्लू, एक पांढरं अस्वल आणि सोबत पेंग्विन (जो उत्तरेला नसतोच), आणि ते सगळं आईबाबांनी रात्री जागून चिकटवलेलं. यंदा मॉस घ्या. टुंड्रात, म्हणजे अलास्का, उत्तर कॅनडा, सायबेरिया इकडच्या मोठी झाडं नसलेल्या थंडगार पट्ट्यात, जमिनीचा अर्धा कारभार हे मॉसच बघतं आणि तो कारभार कसा चालतो हे बोरिवलीच्या वन बीएचकेत पण दाखवता येतं.

सामान: किचनचा डिजिटल काटा, बर्फ, तीन झिपवाल्या पिशव्या, आणि नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं ते सुकं स्फॅग्नम मॉस, छोटं पाकीट बास. हाताला कापलेलं असेल तर ग्लोव्ज घाला, या मॉसमधून कधीकधी बुरशीचं इन्फेक्शन होतं.

आधी भिंतीवरचं बघा. पाऊस लागला की सोसायटीच्या कंपाउंडवर दोन प्रकारचं हिरवं येतं, एक चिकट-घसरडं, ज्याच्यावरून पाय सरकतो, ते अल्गी, आणि दुसरं मऊ गुबगुबीत, जवळून बघितलं की इवलीइवली पानं दिसतात, ते मॉस. नखाएवढा तुकडा जुन्या कार्डाने खरवडून घ्या (नॅशनल पार्कातून नको, तिथलं काहीच उचलायचं नसतं) आणि पेपरवर पंख्याखाली सुकू द्या. पानं आक्रसून काळपट होतात, मेलं असंच वाटतं. मग वर थेंबभर पाणी टाकून मोबाईलवर व्हिडिओ लावा, थोड्या वेळात पानं परत उलगडायला लागतात. मॉसला खरी मुळं नसतात, जे धागे असतात ते मुख्यतः धरून ठेवायला, पाणी पानातूनच आत जातं, म्हणून जिथे खाली जमीन गोठलेली आहे आणि मोठ्या झाडाला मूळ घालायला जागाच नाही तिथे पण याचं बरं चालतं. 2013 साली तर कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मागे सरकणाऱ्या हिमनदीखालून साधारण 400 वर्षं दबलेलं मॉस बाहेर आलं आणि लॅबमध्ये त्यातून नवीन कोंब फुटले.

आता वजन. सुकं स्फॅग्नम 10 ग्रॅम घ्या, अर्धा तास पाण्यात बुडवा, चाळणीत निथळा, पिळू नका, आणि परत काट्यावर ठेवा. 150 ग्रॅमच्या आसपास आकडा आला तरी दचकू नका, स्फॅग्नम स्वतःच्या सुक्या वजनाच्या 20 पटीपर्यंत पाणी धरतं कारण त्याच्या पानात मोठमोठ्या रिकाम्या मेलेल्या पेशी असतात, त्यांचं काम फक्त पाणी साठवणं. उत्तरेत मैलोन्‌मैल हेच पसरलेलं असतं त्यामुळे पाणी तिथेच अडून राहतं, शिवाय स्फॅग्नम आजूबाजूचं पाणी आंबट करतं, खाली ऑक्सिजन पोचत नाही, वर थंडी, मग मेलेलं मॉस कुजतच नाही, थरावर थर साठत जातो. त्यालाच पीट म्हणतात. वाढतो किती, तर वर्षाला जेमतेम 1 मिलीमीटर! पण जगाच्या जमिनीच्या फक्त 3 टक्के जागेत असलेल्या या पीटमध्ये जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे. डेन्मार्कमध्ये 1950 साली अशाच पीटमधून 2,400 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, टोलुंड मॅन, चेहऱ्यावरचे खुंट दिसतील इतका शाबूत. पोरांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, हमखास.

खरी मजा बर्फाची. तिन्ही पिशव्यांत सारखेच बर्फाचे तुकडे, एक पिशवी उघडी ठेवा, दुसरीवर सुक्या मॉसचा चार बोटं जाड थर, तिसरीवर तेवढाच ओला थर, पंखा बंद. सुक्या मॉसखालचा बर्फ सगळ्यात जास्त टिकतो, मच्छीवाले लादीवर गोणपाट टाकतात तसंच. ओल्याखालचा त्याच्या आधी जातो कारण पाण्यातून उष्णता पटकन सरकते. आता हे टुंड्रावर लावा: उन्हाळ्यात मॉसचा वरचा थर सुकतो आणि ऊन खाली जाऊ देत नाही, शरद ऋतूत तेच मॉस भिजतं, मग गोठतं आणि गोठल्यावर खालची उष्णता वर सोडून देतं. म्हणजे दोन्ही ऋतूत जमीन थंडच राहते, आणि वर्षानुवर्षं गोठलेली ती जमीन, पर्माफ्रॉस्ट, टिकते. आग लागून किंवा गाड्या फिरून हा थर गेला की खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, घरं-रस्ते वाकडे होतात आणि साठलेला कार्बन हवेत जातो. माझ्या मते प्रोजेक्टमध्ये एवढा एकच तक्ता नीट काढला तरी पुरे, बाकी सजावट सोडा.

नायट्रोजनचं घरी दाखवता येणार नाही, नुसतं लिहा: तिकडच्या सूचिपर्णी जंगलात जमिनीवर जे पिसांसारखं मॉस असतं त्याच्यात राहणारे सायनोबॅक्टेरिया (एक प्रकारचे सूक्ष्म जीवाणू) हवेतला नायट्रोजन धरतात, वर्षाला हेक्टरी दीड-दोन किलो. आकडा लहान वाटेल पण तिथल्या उपाशी मातीला तेवढाच मोठा आधार.

एक राहिलं. प्रयोग झाला की मॉस सुकवून ठेवा, पुढच्या वर्षी धाकट्याला लागेल. आणि कुंड्यांसाठी 'पीट मॉस' लिहिलेली पिशवी घेऊ नका, तो हजारो वर्षांचा थर खणून काढलेला असतो, आपल्या कुंडीला कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मस्त चालतं आणि ऑर्किड असेल तर कोळसा नि नारळाची सोडणं.