पहिल्या ड्युएथलॉनची तयारी कशी करावी

ड्युएथलॉन म्हणजे आधी धावणे, मग सायकल, मग पुन्हा धावणे, तेही मध्ये घड्याळ न थांबता. पोहता येत नाही म्हणून ट्रायथलॉन टाळणारे बरेचजण इकडे वळतात आणि प्रकार सोपा असेल असे धरून चालतात. ट्रायथलॉनची सुरुवात पोहण्याने होते, मग सायकल आणि धाव; पोहताना पाय बऱ्यापैकी ताजे राहतात. इथे मात्र सायकलवर बसण्याआधीच ते दमलेले असतात. खरी परीक्षा असते ती दुसऱ्या धावेत, म्हणून तयारीचा सगळा रोख तिच्यावर ठेवावा.

अंतर ठरवा

स्प्रिंट प्रकारात साधारणपणे 5 किमी धाव, 20 किमी सायकल आणि 2.5 किमी धाव असते. स्टँडर्डमध्ये 10, 40 आणि 5 किमी. संयोजक यात थोडाफार बदल करतात, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी अंतरे वाचून घ्या. पहिल्यांदा स्प्रिंटच घ्या. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत 10 किमी धाव, 150 किमी सायकल आणि वर 30 किमी धाव असते. तिचे स्वप्न नंतर बघता येईल.

न थांबता 5 किमी धावता येत असेल आणि 20 किमी सायकल चालवून दुसऱ्या दिवशी अंग दुखत नसेल, तर आठ आठवडे पुरतात. तेवढे जमत नसेल तर आधी तिथवर पोहोचा, मगच शर्यतीची तारीख निवडा.

आठवड्याची आखणी

दोन दिवस धावणे, दोन दिवस सायकल, एक दिवस ब्रिक (सायकल आणि लगेच धाव) आणि दोन दिवस पूर्ण विश्रांती. एक धाव निवांत ठेवा: 6 ते 8 किमी, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या धावेच्या दिवशी 1 किमी वेगात, 2 मिनिटे चाल, असे चार वेळा. सायकलचेही तसेच. एकदा 25 ते 35 किमी आरामात, एकदा 8 मिनिटे जोरात आणि 4 मिनिटे हलके, असे तीन वेळा.

ब्रिक म्हणजे सायकलवरून उतरल्याबरोबर धावणे. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. सायकलवर कंबर वाकलेली राहते, मांड्या एकाच लयीत जोर लावत असतात आणि जमिनीचा धक्का कुठेच बसत नाही. उतरल्यावर त्याच पायांना एकदम धक्के झेलायचे असतात. शिवाय वेगाचा अंदाज चुकतो: सायकलच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना धावणे फार संथ वाटते, माणूस नकळत पळत सुटतो आणि पुढच्या किलोमीटरला ढेपाळतो. यावर सरावाशिवाय उपाय नाही.

सुरुवात 10 किमी सायकल आणि 1 किमी धाव यांनी करा. चौथ्या आठवड्यापर्यंत 15 आणि 2, सहाव्यापर्यंत 20 आणि 2.5 किमी. सायकलनंतर पहिली पाचशे मीटर पावले छोटी आणि झटपट टाका. लांब ढांगा टाकल्या की पोटऱ्यांत गोळे येतात. सहाव्या किंवा सातव्या आठवड्यात एकदा 3 किमी धाव, 15 किमी सायकल, 2 किमी धाव अशी रंगीत तालीम करा. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. राहून गेलेला सराव त्या आठवड्यात भरून काढायला गेलात तर दमलेले पाय घेऊन शर्यतीला उभे राहाल.

बदलाच्या जागेचा सराव

धावण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पुन्हा धावण्यावर जाण्याच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. नवख्यांना दंड होतो तो बहुतेक इथेच. क्रम पाठ करा: आधी हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मगच सायकलला हात. परत आल्यावर उलटे: सायकल स्टँडला लागली की मगच पट्टा उघडा. ट्रान्झिशनच्या आत सायकलवर बसायचे नसते. सायकलच्या डाव्या बाजूने, उजव्या हाताने सीट धरून ढकलत पळा. चेन उजवीकडे असते, त्यामुळे पाय तिच्यात अडकत नाही. रस्त्यावर आखलेली रेषा ओलांडल्यावर बसा, परतताना रेषेच्या आधी उतरा.

पहिल्या शर्यतीला साधे पेडल आणि धावण्याचेच बूट पुरेसे आहेत. क्लीटच्या, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या बुटांनी सायकलवर थोडा वेळ वाचतो, पण सवय नसेल तर तो बूट बदलण्यातच जातो. बुटांना इलॅस्टिकच्या लेस घाला. नंबर रेसबेल्टला, म्हणजे कमरेच्या इलॅस्टिक पट्ट्याला लावा: सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे फिरवून घ्या.

सायकल तपासा

आठवडाभर आधी ब्रेक, चेन आणि सगळे गिअर चालवून बघा. सीटची उंची ठरवायची सोपी रीत: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना तो आपोआप किंचित वाकतो. सीट खाली राहिली तर गुडघे दुखतात, फार वर गेली तर कंबर डुलते. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. अगदी वरच्या आकड्यापर्यंत भरू नका, नाहीतर खडबडीत रस्त्यावर सायकल उड्या मारते. हँडलच्या टोकांची बुचे नसतील तर तपासणीत अडवतात. जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी) आणि पंप घ्याच, आणि ट्यूब बदलायचा सराव घरी करून ठेवा.

शर्यतीचा दिवस

अडीच ते तीन तास आधी सवयीचाच नाश्ता करा. ट्रान्झिशनमध्ये सायकल हलक्या गिअरवर लावून ठेवा आणि आत-बाहेर जायच्या वाटेवरून एकदा चालत जा. गर्दीत आपली सायकल शोधण्यात फार वेळ जातो.

पहिली धाव नेहमीच्या 5 किमीच्या वेगापेक्षा किलोमीटरला 10 ते 15 सेकंद हळू. इथेच बहुतेकांचे चुकते. इथे मिळवलेल्या अर्ध्या मिनिटासाठी शेवटी दोन मिनिटे मोजावी लागतात.

सायकलवर पहिली दोन-तीन किमी श्वास बसू द्या, मग घोट-घोट पाणी सुरू करा. दीड तासाच्या आत संपणाऱ्या शर्यतीत पाणी आणि फार तर एखादे एनर्जी जेल (ताकदीसाठी खायचे गोड, दाट पाकीट) पुरते. नवीन जेल मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू नका. बहुतेक हौशी शर्यतींत पुढच्याच्या मागे चिकटून चालवायला मनाई असते. किती अंतर ठेवायचे ते संयोजकांच्या सूचनांत बघून घ्या. शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पेडल मिनिटाला नव्वदच्या आसपास फिरवा, म्हणजे उतरल्यावर पाय लवकर लयीत येतात.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटे चालत राहा. नंबर फाडून टाकण्याची घाईही नको, कारण सायकल बाहेर काढताना तिच्यावरचा आणि तुमच्याजवळचा नंबर जुळवून बघतात.