अर्जातला निबंध लिहिताय? परिच्छेद पाडताना या चुका टाळा

गणपती गेले की पुण्यातल्या बारावीच्या ज्या मुलांना परदेशी शिकायला जायचंय, त्यांच्या घरी निबंधाची लगबग सुरू होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची ‘अर्ली’ (लवकरच्या फेरीतल्या अर्जांची) मुदत १ नोव्हेंबरची, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. विषय काय घ्यावा यावर मुलं महिनाभर डोकं खपवतात. परिच्छेद मात्र शेवटच्या रात्री, मजकूर किती लांब झाला ते बघून पाडले जातात. तिथेच चांगला निबंध फसतो.

कॉमन अॅप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची ऑनलाइन सोय. तिच्यातल्या मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. एवढा मजकूर एकसलग दिला तर वाचणाऱ्याची नजर कुठेच टेकत नाही. उलट टोकाला दर दोन वाक्यांनी ओळ तोडणारेही असतात. नाट्य यावं म्हणून तोडतात, पण निबंध मोबाईलवरच्या मेसेजसारखा दिसतो. एखादं वाक्य एकटं ठेवायला हरकत नाही, मात्र निबंधात एकदाच.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे परिच्छेद चुकीच्या जागी तोडणं. ढोलपथकावरचा निबंध घ्या, पुण्यातून असे बरेच जात असणार. मुलगी लिहिते: नदीपात्रात सरावाला गेले, ढोल कमरेला बांधला, तासाभरात बोटं सोलवटली, एका ताईने चिकटपट्टी गुंडाळून दिली, पुढच्या वर्षी नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. हे सगळं एकाच परिच्छेदात. खरा निबंध ‘पुढच्या वर्षी’पासून सुरू होतो आणि तेच वाक्य तळाशी गाडलं गेलंय! त्याच्या आधी तोडा. आता शिकणारी मुलगी एका परिच्छेदात आणि शिकवणारी दुसऱ्यात. मधल्या मोकळ्या ओळीतच वर्ष सरल्याचं कळतं. काळ, जागा किंवा विचार वळला की नवा परिच्छेद, मग तो तीन ओळींचा होवो नाहीतर दहा. सगळे सारख्या उंचीचे दिसावेत म्हणून मजकूर इकडेतिकडे सरकवू नका.

जागा बरोबर आहे का ते तपासायला प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोठ्याने वाचा. तेवढ्यावरून गोष्ट कुठून कुठे गेली ते कळलं पाहिजे. दोन परिच्छेद एकच सांगत असतील तर एक करा.

शाळेतली प्रस्तावना, मध्य, उपसंहार ही सवयही इथे नडते. शेवटच्या परिच्छेदात ‘अशा प्रकारे मी नेतृत्व शिकले’ लिहिण्यात पन्नास शब्द जातात आणि वाचणाऱ्याला ते आधीच समजलेलं असतं. तो परिच्छेद झाकून वाचून बघा. काही अडत नसेल तर काढून टाका.

आता तांत्रिक घोळ. वर्डमध्ये टॅब देऊन आत सरकवलेली पहिली ओळ अर्जाच्या चौकटीत चिकटवल्यावर बहुधा सपाट होते, आणि मोकळी ओळ ठेवली नसेल तर दोन परिच्छेद एकमेकांना चिकटतात. म्हणून टॅबच्या भरवशावर राहू नका. मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, म्हणजे वर्डची सजावट गळून पडेल. तिथे प्रत्येक परिच्छेदानंतर एकच मोकळी ओळ ठेवा, मग अर्जात न्या. तिरकी अक्षरं हवी असतील तर ती तिथेच पुन्हा द्यावी लागतात. उपशीर्षकं आणि ठळक अक्षरं नकोतच.

इंग्लंडला यूकासमधून, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून, अर्ज करणाऱ्यांनी मोकळ्या जागांकडे आणखी लक्ष द्यावं. तिथे मर्यादा शब्दांची नाही, अक्षरांची आहे: रिकाम्या जागा धरून ४०००. शिवाय २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आलेत आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं. लहान उत्तराचे उगाच तुकडे पाडू नका, एक भरीव परिच्छेदही पुरतो.

अर्ज पाठवण्यापूर्वी कॉमन अॅप पीडीएफ दाखवतं. ती घाईत पुढे ढकलू नका. निबंधाचं पान उघडा, परिच्छेद मोजा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहा. कमी भरले तर कुठेतरी दोन चिकटलेत. मागे जाऊन ती ओळ सोडवा आणि पीडीएफ पुन्हा उघडा.