रायझर केबलवर ग्राफिक्स कार्ड: स्लॉटचा वेग बायोसमधून कसा बांधावा

ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये उभं बसवलं आणि स्क्रीन काळीच राहिली, किंवा गेम चालू असताना मधूनच डिस्प्ले जाऊन ड्रायव्हर रीस्टार्ट होऊ लागला, तर कार्ड परत करायला धावू नका. आधी रायझर केबल (कार्ड आणि मदरबोर्डचा स्लॉट जोडणारी केबल) कितव्या जेनची, म्हणजे पिढीची, आहे ते बघा. जुन्या आणि स्वस्त रायझर बहुतेक पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी) जेन ३ साठीच बनवलेल्या असतात. मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही जेन ४ चे असले की पीसी चालू होताना ते दोघंच आपसात जेन ४ चा वेग ठरवतात. मधली केबल म्हणजे नुसत्या तारा. आपल्याला हा वेग झेपणार नाही हे तिला कळवता येत नाही. जेन ३ ला प्रत्येक लेनवर (डेटाच्या एका मार्गिकेवर) सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, जेन ४ ला १६. तिथेच सिग्नल बिघडतो. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, स्लॉटचा वेग जेन ३ वर बांधून टाकायचा.

पीसी चालू होत असेल तर आधी जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. ‘@’ चिन्हाच्या आधी कार्डची क्षमता दिसते, नंतर सध्याचा वेग. तिथे १.१, म्हणजे जेन १ चा वेग, दिसलं म्हणून घाबरू नका. काम नसताना वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावा, खरा आकडा तेव्हाच कळतो.

बायोसला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. सध्याच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजची डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण बायोस रीसेट झाल्यावर विंडोज ती मागू शकतं.

आता पीसी रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. हवं ते सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते, पण सहसा अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये पीसीआय सबसिस्टिम, ऑनबोर्ड डिव्हाइसेस किंवा चिपसेट या नावांखाली सापडतं. नावात ‘लिंक स्पीड’, ‘लिंक मोड’ किंवा ‘जेन स्विच’ असं काहीतरी असतं. फक्त ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटचं ‘ऑटो’ काढून ‘जेन ३’ करा, एफ१० ने सेव्ह करा. एका वेळी एवढाच बदल.

याच भागात ‘बायफर्केशन’ (स्लॉटच्या लेन वाटणारं सेटिंग) असतं, ते x१६ वरच, म्हणजे सोळाही लेन एकत्र, राहू द्या. x४x४x४x४ निवडलं तर कार्डला चारच लेन मिळतील. बीसीएलके (बोर्डाच्या मूळ घड्याळाचा वेग) १०० मेगाहर्ट्झवरून हलवूच नका. बऱ्याच बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसचं घड्याळही त्यावरच चालतं. ते वाढवलं की कार्डाबरोबर एनव्हीएमई ड्राइव्हही (पीसीआय एक्सप्रेसवरच चालणारी एसएसडी) डळमळू शकते आणि फाइली खराब होण्याची भीती असते. ग्राफिक्समध्ये मिळणारा फायदा नगण्य, धोका मात्र डेटाला.

स्क्रीनच येत नसेल तर बायोसमध्ये शिरायचं कसं? रायझर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा, जेन ३ सेट करा, मग पीसी बंद करून रायझर परत लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवरूनही हे जमतं. दर वेळी मागचा स्विच बंद करून प्लग काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा; ती दाबायची राहिली तर खिट्टी तुटते, कधी स्लॉटच उचकटतो. बदल फसला आणि काहीच चालू होईना, तर प्लग काढलेला असताना मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोस सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहाएक सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. यात रॅमचं एक्सएमपी (रॅमच्या वाढीव वेगाचं सेटिंग) आणि पंख्यांची सेटिंगही पुसली जातात. फोटो इथे कामी येतात.

वेग कमी केल्याने तोटा किती? x१६ कार्डाला जेन ३ वरही सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी मिळतात. बहुतेक गेममध्ये फरक जाणवणारसुद्धा नाही. आरटीएक्स ४०६० सारख्या x८ कार्डाला काही गेममध्ये थोडा फटका बसतो. आरएक्स ६५०० एक्सटीला मात्र चारच लेन आहेत. जेन ३ वर त्याच्या वाट्याला सेकंदाला ४ जीबीसुद्धा येत नाहीत आणि व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) भरली की गेम अडखळतो. हे कार्ड जेन ३ च्या रायझरवर लावूच नये, थेट स्लॉटमध्ये बसवावं. रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी असेल तर प्रोसेसरच जेन ३ चा आहे, तिथे बायोसमध्ये जेन ४ शोधून उपयोग नाही.

शेवटी अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) विंडोज लॉग्जखालचं सिस्टिम उघडा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नावाने इव्हेंट १७ च्या नोंदी येत असतील आणि त्यात पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा उल्लेख असेल, तर स्क्रीन ठीक दिसत असली तरी तारेवर चुका होताहेत आणि त्या दुरुस्त करत गाडी चालली आहे. केबल कुठे मुडपली आहे का बघा, दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवा. एकदा जेन २ करून तपासा. तिथे नोंदी थांबल्या आणि कार्ड थेट स्लॉटमध्ये लावल्यावर जेन ३ लाही येत नसतील, तर दोष रायझरमध्येच आहे, ती बदला.