हिवाळ्यात स्वतः गाडी चालवत प्राचीन ग्रीस: पेलोपोनीज ते डेल्फी सहल कशी आखावी

ग्रीसला समुद्र आणि पांढऱ्या घरांसाठी जायचं असेल तर उन्हाळ्यातच जा. हिवाळ्यात बेटांवरची बरीच हॉटेलं बंद असतात आणि वारा सुटला की फेरीबोटी बंदरात अडकतात. पण मायसीनी, ऑलिम्पिया (दोन्ही पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पावर) आणि डेल्फी या प्राचीन स्थळांची नावं तुम्हाला ओढत असतील तर नोव्हेंबर ते मार्च हाच काळ उत्तम. जुलैत तापलेल्या दगडांवर सावली शोधत फिरावं लागतं, इतकं ऊन चढतं की दुपारी काही स्थळं बंदही ठेवतात. जानेवारीत तीच जागा हिरवीगार असते, दगडांच्या फटींतून अ‍ॅनिमोनीची रंगीत फुलं डोकावतात आणि मायसीनीच्या सिंहद्वारासमोर तुम्ही एकटेच उभे असता.

अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे: उजेड. बहुतेक सरकारी स्थळं हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठला उघडतात आणि दुपारी साडेतीनला बंद होतात. शेवटचा प्रवेश त्याआधी वीसेक मिनिटं. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून या सहलीत किलोमीटर मोजत बसू नका, सकाळचे तास मोजा. सकाळी स्थळ, दुपारी जेवण, मग उजेडात गाडी आणि अंधाराआधी मुक्काम. पुढचं सगळं या एका नियमावर बेतलेलं आहे.

निघण्याआधीची कागदपत्रं

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नाताळच्या सुट्टीत जायचं असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं.

भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवाच. तो तुमच्या आरटीओतून मिळतो. परिवहन संकेतस्थळावर फॉर्म ४-ए भरायचा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या. शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत ठेवा, नुसता परवाना चालत नाही. इंटरनेटवर पैसे घेऊन ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ छापून देणाऱ्या खासगी संस्था आहेत. त्या कागदाला किंमत नाही.

गाडी ठरवताना

युरोपात गिअरची गाडी हे गृहीत धरलेलं असतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी नोंदवा, थोडे पैसे जास्त द्या. डाव्या बाजूला बसून, उजव्या हाताने गिअर टाकत, उजवीकडून गाडी चालवायची असेल तर मेंदूवरचं एक ओझं कमी केलेलं बरं. आकाराने लहान गाडी घ्या. जुन्या गावांतल्या गल्ल्या मोठ्या गाडीला दयामाया दाखवत नाहीत.

क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावावर हवं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. विम्याचे कागद वाचताना टायर, काच आणि गाडीची खालची बाजू यांत येतात का ते पाहा. साध्या विम्यात हे तीनही बहुधा वगळलेले असतात आणि खडकाळ वाटेवर नेमकं तिथेच नुकसान होतं. बर्फात टायरना लावायच्या साखळ्या गाडीच्या कंपनीकडे मागा. डेल्फीच्या बाजूला जाणार असाल तर हे ऐच्छिक समजू नका. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

पहिला दिवस: विमानतळ ते नाफ्प्लिओ

विमान दुपारी दोननंतर उतरणार असेल तर त्या दिवशी गाडी घेऊच नका, अथेन्सजवळ झोपा. सकाळी उतरत असाल तर विमानतळावरून सुरू होणारा आत्तिकी ओडोस हा टोलचा महामार्ग शहराला बाहेरूनच वळसा घालतो. नवख्या चालकाला शहरापेक्षा असा सरळ, दुभाजक असलेला रस्ता सोपा जातो. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर फिरेल. पहिला दिवस हे होणारच. गाडी नकळत उजव्या कडेला सरकत राहते, म्हणून शेजारी बसलेल्याने उजव्या आरशावर लक्ष ठेवावं. टोलनाक्यावर रोख आणि कार्ड दोन्ही चालतं.

ग्रीक चालकांची एक पद्धत आधी समजून घ्या. साध्या दुपदरी रस्त्यावर हळू चालणारी गाडी उजवीकडे, जवळजवळ कडेच्या पट्ट्यावर सरकते आणि मागच्याला वाट देते. तुमच्याकडूनही तीच अपेक्षा असते. मागून दिवे चमकले तर तो राग नव्हे, फक्त ‘जरा सरका’ असतं. आपल्याकडच्या घाटात गाडी चालवलेल्यांना हे समजायला वेळ लागत नाही.

वाटेत, अथेन्स शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर कोरिंथचा कालवा लागतो. १८९३मध्ये खुला झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब आणि उभ्या कड्यांमधून कापलेला. रोमन सम्राट नीरोने इ.स. ६७मध्ये हेच खोदकाम सुरू केलं होतं आणि ते अर्धवट राहिलं. त्याच्याही कितीतरी आधी इथे फरसबंद वाट करून जहाजं जमिनीवरून ओढत नेत. जुन्या पुलावर थांबून दहा मिनिटं खाली पाहा, पुरे. जवळच प्राचीन कोरिंथमध्ये अपोलोच्या देवळाचे सात एकसंध खांब इसवी सनपूर्व सहाव्या शतकापासून उभे आहेत. वेळ असेल तर थांबा, नसेल तर हळहळू नका, कारण पुढे याहून भारी आहे.

नाफ्प्लिओत तीन रात्री

हा तळ बदलू नका. नाफ्प्लिओ आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी होतं, हिवाळ्यातही जिवंत असतं आणि इथून मायसीनी, तिरिन्स, एपिडॉरस ही तीनही स्थळं अर्ध्या तासाच्या आसपास आहेत. शनिवार-रविवारी अथेन्सची मंडळी इथे गर्दी करतात, म्हणून सोमवार ते गुरुवार गाठा, खोल्या स्वस्त पडतात. खोली घेताना हीटिंग कसं आहे आणि दिवसभर चालतं का, हे लेखी विचारा. जुन्या दगडी घरांतली थंडी बाहेरच्या थंडीपेक्षा वाईट असते.

मायसीनीला उघडण्याच्या वेळीच पोहोचा. सिंहद्वार इसवी सनपूर्व १२५०च्या सुमाराचं. आत शिरताच उजवीकडे ते थडग्यांचं वर्तुळ, जिथे १८७६मध्ये उत्खनन करणाऱ्या हाइनरिश श्लीमानला सोन्याचे मुखवटे सापडले. वर जाऊन मागच्या टोकाला जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याकडे उतरणारा जिना आहे. तो उघडा असेल तर मोबाइलचा टॉर्च लागेल. आणि इथेच अनेकजण एक गोष्ट चुकवतात: त्याच तिकिटावर रस्त्याने थोडं खाली ‘अत्रेउसचा खजिना’ पाहता येतो. नाव खजिन्याचं, पण आहे ते घुमटाकार थडगं, साडेतेरा मीटर उंच. दारावरचा आतला दगड सुमारे १२० टनांचा मानतात. रोमन लोकांनी त्याहून मोठे घुमट बांधेपर्यंत हजाराहून जास्त वर्षं सर्वांत मोठ्या घुमटाचा विक्रम याच्याच नावावर होता. उन्हाळ्यात आत पर्यटकांचा कलकलाट असतो. हिवाळ्यात एकटे उभे राहून हळूच बोलून पाहा.

एपिडॉरसचं नाट्यगृह दुसऱ्या सकाळी. पंचावन्न ओळी, इसवी सनपूर्व चौथं शतक. एकाने मध्यभागी उभं राहून साध्या आवाजात बोलायचं, दुसऱ्याने अगदी वरच्या ओळीत बसून ऐकायचं. जोरात गाणं सुरू केलंत तर रखवालदार शिटी मारेल. नाट्यगृह पाहून लगेच परतू नका, बाजूला अ‍ॅस्क्लीपियस या वैद्यदेवतेचं स्थान आहे. रोगी इथे रात्री झोपायला येत आणि देव स्वप्नात उपचार सांगतो असं मानत.

तिरिन्स हा मायसीनीच्याच काळातला किल्ला नाफ्प्लिओ गावाबाहेरच आहे. एक तास पुरतो.

मिस्त्रास आणि त्यापुढे

नाफ्प्लिओहून त्रिपोलीमार्गे स्पार्टा साधारण दोन तास. स्पार्टात पाहण्यासारखं थोडंच आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार थुकिडिडीसने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हे शहर ओस पडलं तर अवशेषांवरून त्याचं सामर्थ्य कुणाला पटणार नाही. अगदी तसंच झालं. मुक्काम मात्र तिथे किंवा मिस्त्रास गावात करा.

मिस्त्रास प्राचीन नाही, मध्ययुगीन आहे, तरीही माझ्या मते या सहलीतलं ते सर्वांत सुंदर ठिकाण आहे. १२४९मध्ये फ्रँक सरदाराने किल्ला बांधला, पुढे बायझंटाइन (पूर्व रोमन) शहर उतारावर पसरलं आणि त्या साम्राज्याच्या शेवटच्या सम्राटाचा राज्याभिषेक जानेवारी १४४९मध्ये इथेच झाला. दोन दारं आहेत, वरचं आणि खालचं. गाडी आधी वरच्या दारापाशी लावा, किल्ला करून या, मग गाडीने खालच्या दाराला जा. नाहीतर गुडघ्यांना तोच चढ दोनदा पडतो. पावसात इथला दगड साबणासारखा निसरडा होतो. बुटांचे तळवे खाचांचे हवेत.

स्पार्टाहून कालामाटाला दोन रस्ते जातात. नकाशा तैगेतस डोंगरातून जाणारा जवळचा रस्ता सुचवेल. हिवाळ्यात तिथे बर्फ आणि दरडी असू शकतात. लांबचा महामार्ग घ्या.

कालामाटात रात्र काढून सकाळी प्राचीन मेसिनी पाहा. इसवी सनपूर्व ३६९मध्ये, स्पार्टाचा पराभव केल्यावर थीब्जचा सेनापती एपामिनोंडसने वसवलेलं हे शहर. स्टेडियम, नाट्यगृह, बाजार, आर्केडियन दरवाजा असं सगळं एका दरीत, आणि गर्दी उन्हाळ्यातही बेताची. नोव्हेंबर ते जानेवारी हा ऑलिव्ह उतरवण्याचा हंगाम. रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि चिखल असतो, वळणावर वेग कमी ठेवा.

शाकाहारी लोकांसाठी

चिंता नको. मोठ्या वालासारखे भाजलेले ‘गीगांतेस’, बीन्सचं ‘फासोलादा’ सूप, हरभऱ्याचं ‘रेवीथिया’ हे थंडीतलं घरगुती खाणं आहे. ‘होर्ता’ म्हणजे उकडून लिंबू-तेल घातलेल्या रानभाज्या, त्यांचाही हंगाम हाच. नाताळाआधी चाळीस दिवस आणि ईस्टरआधी ग्रीक लोकांचे उपास असतात. तेव्हा ‘निस्तीसिमो’ मागितलं की मांस, अंडी, दूध नसलेला पदार्थ मिळतो. पण सावध राहा: कोळंबी, माकुळ त्या उपासाला चालतात. त्यामुळे तेही नको म्हणून स्पष्ट सांगा. नाफ्प्लिओ आणि स्पार्टाच्या आसपास संत्र्यांच्या बागा लगडलेल्या असतात. रस्त्याकडेला पिशवीभर घ्या.

ऑलिम्पिया, पूल आणि डेल्फी

पश्चिम बाजूला पाऊस जास्त, म्हणून ऑलिम्पियात शक्यतो दोन रात्री ठेवा, एक सकाळ पावसात गेली तरी दुसरी उरते. गावातली काही हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात, आधी खात्री करा. झ्यूसच्या देवळाचे खांब सहाव्या शतकातल्या भूकंपांत पडले, त्यांचे तुकडे काकडीच्या चकत्यांसारखे ओळीने आडवे आहेत. स्टेडियममधली दगडी आरंभरेषा अजून जागेवर आहे. तिथून शेवटच्या रेषेपर्यंत १९२ मीटर, धावून पाहायला कुणी अडवत नाही. संग्रहालयात एक साधा काळा प्याला शोधा. तो फिडियास या प्राचीन शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडला आणि त्याच्या बुडावर ‘मी फिडियासचा’ असं कोरलेलं आहे.

आकाश स्वच्छ असेल तर कालामाटाहून येताना बासीच्या देवळाचा विचार करता येतो. ते समुद्रसपाटीपासून ११३० मीटरवर आहे आणि १९८७पासून एका प्रचंड तंबूखाली झाकलेलं आहे. बर्फाचा अंदाज असेल तर सरळ वगळा.

ऑलिम्पिया ते डेल्फी हा सर्वांत लांब टप्पा, साडेतीन-चार तासांचा. सकाळी बाकी काही ठेवू नका. पात्रा शहरापर्यंतच्या जुन्या रस्त्याची अपघातांबद्दल ख्याती वाईट आहे, तिथे ओव्हरटेक टाळा. मग समुद्रावरचा, २००४चा रिओ–आंतिरिओ पूल येतो. टोल चांगलाच महाग आहे. पैसे वाचवायचे तर खाली फेरीबोट आहे, पण पूल एकदा तरी ओलांडावा असा आहे.

डेल्फी डोंगराच्या कुशीत, थंड आणि बरेचदा ढगात. सकाळी वरच्या स्टेडियमकडची वाट बर्फाने निसरडी झालेली असू शकते. अपोलोच्या देवळाखालची वेड्यावाकड्या दगडांची भिंत जवळून पाहा. गुलामांना मुक्त केल्याचे शेकडो लेख तिच्यावर कोरलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी होता) दिलेल्या खांबांचे लेख ज्यांनी वाचले असतील, त्यांना दगडावर व्यवहार नोंदवण्याची ही रीत ओळखीची वाटेल.

जवळच्या अराखोवात अथेन्सकर स्कीइंगला येतात. शुक्रवार-शनिवारी खोल्या महाग, आणि रविवारी संध्याकाळी अथेन्सकडचा रस्ता तुंबलेला. सोमवार ते गुरुवारमध्येच डेल्फी बसवा.

तारखा बसवताना

२५ आणि २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला स्थळं बंद असतात, या तारखांना गाडीचा प्रवास ठेवा. काही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात किंवा उशिरा उघडतात. नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो. तो रविवार मेसिनी किंवा मायसीनीसाठी वापरा, अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर त्या दिवशी रांग लागते. वेळा ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत तिकीट संकेतस्थळावर आदल्या रात्री पुन्हा पाहा. छोट्या गावांतले पेट्रोल पंप रात्री आणि रविवारी बंद असू शकतात, टाकी निम्म्यावर आली की भरा.

अथेन्सला पोहोचताच गाडी विमानतळावर परत करा. शहरात पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि विमानतळावरून मेट्रो थेट मध्यात नेते. इथे दोन रात्री ठेवा आणि त्यांतली एक शुक्रवारची असू द्या. अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय हिवाळ्यात शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. या संपूर्ण सहलीत अंधार पडल्यावर निवांत पाहता येईल असं ते बहुधा एकमेव ठिकाण आहे.