ओपिऑइड वेदनाशामके एकत्र घेताना या चुका टाळा

कर्करोगाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करताना औषधांचा डबा नकळत भरत जातो. कर्करोगतज्ज्ञांनी मॉर्फिन दिलेले असते, जुन्या कंबरदुखीची ट्रॅमाडॉलची पाकिटे उरलेली असतात, फॅमिली डॉक्टरांनी खोकल्यासाठी कोडीनचे सिरप लिहिलेले असते आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम कित्येक वर्षे चालू असते. वेदना असह्य झाली की घरातील माणूस, केवळ मायेपोटी, यातले हाताला येईल ते देतो. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही तिन्ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखे काम करणाऱ्या, गटातील औषधे आहेत, आणि मेंदूतील श्वसनकेंद्र मंद करण्याचा त्यांचा परिणाम एकमेकांत मिळत जातो, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

दोन ओपिऑइड सोबत देणे मुळातच चूक आहे, असे मात्र नाही. डॉक्टर दिवसातून दोनदा घेण्याची दीर्घकाळ चालणारी मॉर्फिनची गोळी देतात आणि मध्येच कळ उठली तर लवकर काम करणारी गोळी वेगळी लिहून देतात. ही विचारपूर्वक केलेली योजना असते. धोका असतो तो दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतली औषधे कुणालाही न विचारता एकत्र घेण्यात. पाकिटावर ठळक अक्षरांत फक्त ब्रँडचे नाव असते, म्हणून घटकांची बारीक ओळ वाचावी. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते, आणि तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल चालू असेल तर तिचाही डोस दुप्पट होतो.

सर्वांत गंभीर चूक झोपेच्या गोळ्यांची आणि दारूची आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की शरीर श्वास वाढवते. ओपिऑइडमुळे ही जाणीव बोथट होते आणि झोपेच्या गोळीमुळे रुग्ण इतका गाढ झोपतो की त्याला जागही येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 मध्ये या जोडीबद्दल आपला सर्वांत कडक इशारा दिला. नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिनबाबतही तीच सावधगिरी हवी. तरीही बरीच वर्षे चालू असलेली अल्प्राझोलाम एकदम बंद करू नये, कारण त्याने आकडीचे झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावी.

फेन्टानिल या तीव्र ओपिऑइडच्या, त्वचेवर चिकटवायच्या पॅचबाबत उतावीळपणा घात करतो. पॅच लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला 12 ते 24 तास लागतात, म्हणून ‘अजून दुखतेय’ म्हणत स्वतःहून दुसरा पॅच लावू नये. पॅच काढल्यावरही त्वचेत साठलेले औषध बराच काळ रक्तात उतरत राहते. गरम पाण्याच्या पिशवीने आणि तापानेही ते जास्त वेगाने शोषले जाते.

नैराश्यासाठी सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्झेटिन चालू असेल तर ट्रॅमाडॉलमुळे थरथर, घाम, बेचैनी आणि आकडीचे झटके संभवतात. नियमित मॉर्फिन घेणाऱ्याला पेन्टाझोसिन या दुसऱ्या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले तर वेदना उलट वाढू शकते, म्हणून नवीन दवाखान्यात गेल्यावर मॉर्फिन चालू असल्याचे आधी सांगावे.

रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला 8 पेक्षा कमी असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील किंवा ओठ निळसर पडले असतील, तर 108 वर फोन करावा, श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे आणि औषधांचा अख्खा डबा सोबत न्यावा. ओपिऑइडचा परिणाम उतरवणाऱ्या नॅलोक्झोनच्या इंजेक्शनने तो शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये. नॅलोक्झोनचा असर दीर्घकाळ चालणाऱ्या मॉर्फिनच्या आधीच उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.